मांडीचे हाड न जुळणे : शस्त्रक्रिया

मोडलेले मांडीचे हाड (फीमर) 9 महिने उलटूनही सांधले नाही आणि शेवटच्या 3 महिन्यांच्या एक्स-रेत काहीच प्रगती दिसली नाही, तर त्याला रूढ व्याख्येनुसार नॉन-युनियन म्हणतात. मात्र आधी बसवलेली धातूची प्लेट तुटली किंवा मधला तुकडाच गेला असेल, तर 9 महिने थांबण्यात अर्थ नसतो.

बेळगावच्या सीमाभागात असे रुग्ण पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे अपघात, उसाच्या ट्रॉल्या यांतून येतात. काहीजण आधी गावच्या हाडवैद्याकडे जाऊन पट्ट्या बांधून घेतात. मांडीचे स्नायू इतके जोरकस असतात की पट्टीने हे हाड जागेवर राहत नाही; आखडलेल्या पायानेच रुग्ण बेळगाव किंवा मिरज गाठतो.

कोणते ऑपरेशन करायचे, हे एक्स-रेवरून बरेचसे ठरते. टोकांना हत्तीच्या पायासारखे भरघोस नवे हाड आलेले असेल, तर रक्तपुरवठा चांगला आहे, कमी पडली ती स्थिरता. अशा वेळी जुना रॉड (हाडाच्या पोकळीत बसवलेली धातूची सळई) काढून, पोकळी कोरून आधीपेक्षा 1 ते 2 मिमी जास्त जाड रॉड बसवतात. बहुतेकदा वेगळे हाड घालावे लागत नाही. गुडघ्याजवळ पोकळी रुंद असल्याने जाड रॉडही सैल पडतो. तिथे रॉड तसाच ठेवून बाजूने प्लेट लावणे अधिक भरवशाचे. टोके निमुळती, वाळलेली असतील तर नुसत्या धातूने भागत नाही; कमरेच्या हाडातून काढलेला ग्राफ्ट (हाडाचे तुकडे) भरावा लागतो.

जंतुसंसर्गाची शंका प्रत्येक रुग्णात घ्यावी, जखम वरून कोरडी असली तरी. ऑपरेशनच्या वेळी आतल्या ऊतींचे अनेक नमुने कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवतात. पू असल्यास सारा धातू आणि मेलेले हाड काढून अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट ठेवतात. त्याभोवती 6 ते 8 आठवड्यांत पातळ आवरण तयार होते आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सिमेंट काढून त्या आवरणात ग्राफ्ट भरतात. ही मास्केले पद्धत. मोठी पोकळी भरायला इलिझारोव्हची रिंगही (तारांनी हाडाला जोडलेली, पायाबाहेरची धातूची कडी) वापरतात; त्यात निरोगी भागात हाड कापून ते रोज 1 मिमी सरकवतात. मांडीवर रिंग महिनोन्महिने वागवणे त्रासाचे असते, त्यामुळे इथे ती पायाच्या नळीइतकी सोयीची नाही.

खुब्याच्या मानेचे गणित वेगळे. तरुणात हाड तिरके कापून कोन बदलतात (व्हॅल्गस ऑस्टिओटॉमी), म्हणजे घसरवणारा जोर दाबणारा होतो. वृद्धात सरळ सांधा बदलतात.

तंबाखू हाडाच्या जुळणीत अडथळा आणते. तंबाखूच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीच्या परिसरात "विडी ओढता का?" एवढाच प्रश्न पुरत नाही, बायकांची मिश्री आणि पुरुषांची चुन्यातली तंबाखू त्यातून निसटते. मधुमेह आणि ड जीवनसत्त्वाची कमतरताही ऑपरेशनआधी तपासून घेतात.

जाड रॉड बसल्यावर सहसा लवकरच वॉकर धरून वजन टाकायला सांगतात. प्लेट-ग्राफ्टच्या रुग्णाला मात्र एक्स-रेत जुळणी दिसेपर्यंत जपून चालावे लागते.