अठरा पूर्ण की अपूर्ण: हाडं किती सांगतात?

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलगी अठरा वर्षांखालची ठरली, की तिची संमती होती का, हा प्रश्नच उरत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा तिची संमती जमेस धरत नाही. अठरा पूर्ण ठरली, तर मात्र संमती नव्हती हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. म्हणून शिक्षेविरुद्धच्या अपिलात अनेकदा सगळा वाद वयावर येऊन ठेपतो.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. पण शाळेतली नोंद तरी कशी झालेली असते? जूनमध्ये नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रात अशा वाढदिवसाची माणसं घरोघरी भेटतील. ही तारीख कुणी, कशाच्या आधारे सांगितली हे शाबीत झालं नाही, तर नुसत्या रजिस्टरला फारसं वजन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे.

मग उरतो एक्स-रे. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो, तो एक्स-रेत काळ्या फटीसारखा दिसतो. वय वाढतं तसं कूर्चेचं हाड होतं आणि फट बुजते: कोपरात लवकर, मनगटात नंतर, कमरेच्या हाडाच्या कडेला आणखी उशिरा. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा आधी घडतं. पण कुपोषणाने, दीर्घ आजाराने ही वाढ रेंगाळते. त्यात मनगटासाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिश-पाइल ॲटलास, म्हणजे वयानुसार हाताच्या एक्स-रेंचे नमुने देणारं पुस्तक, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून तयार झालेला. अर्धपोटी वाढलेल्या मुलीचं मनगट त्याच्याशी ताडून पाहिलं, तर आकडा चुकण्याची शक्यता उघडच आहे.

म्हणून डॉक्टर 'सोळा ते अठरा' असा पल्ला देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या जयामाला निकालाने त्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक गृहीत धरली. पॉक्सो खटल्यांत पल्ल्याची वरची मर्यादा घ्या आणि त्यात ती दोन वर्षंही मिळवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे सोळा-अठराची मुलगी वीस वर्षांची धरली जाऊ शकते. संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व मला मान्य आहे. पण जिच्या जन्माची नोंदच झाली नाही, तिचं बालपण या हिशेबात वजा होतं, हे फार अन्यायाचं वाटतं.

वय निसटलं की संमतीची झडती सुरू होते. गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या प्रकरणात तिच्या अंगावर जखमा नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने भर दिला आणि पोलीस निर्दोष सुटले. देशभर संताप उसळला, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ पासून तर कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे: शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. भीतीने शरीर जागच्या जागी थिजू शकतं, आणि थिजलेल्या शरीरावर ओरखडा उमटेलच असं नाही.

एक्स-रेला मुदत असते, हे तपास अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यायला हवं. घटनेच्या वेळचं वय हवं असतं आणि पंचविशीच्या आसपास सगळ्या फटी बुजून जातात. अपील सुनावणीला यायला कित्येक वर्षं लागतात. तेव्हा हाडं काही सांगू शकत नाहीत, कामी येते ती वेळेत काढलेली प्लेट आणि खालच्या कोर्टात नोंद करणाऱ्या माणसाच्या साक्षीने शाबीत झालेलं शाळेचं मूळ रजिस्टर.