आधी घोडा, मग म्हैस, आता कुत्रा

बडोद्यात वाढलेल्या मुलाला आयुष्यातला पहिला मोठा सांगाडा दिसतो तो बहुतेक कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये, आणि तो असतो देवमाशाचा. 1944 साली मही नदीच्या मुखात वाट चुकून आलेला हा जीव. आम्ही लहानपणी त्याची लांबी पाहून तोंडात बोट घालायचो आणि पुढच्या दालनात पळायचो. यंदा भाचीबरोबर गेले. ती इंग्लंडात व्हेटर्नरी नर्सिंग शिकते, सुट्टीत दांडिया बाजारच्या घरी आली होती. तिनं लांबीकडे पाहिलंच नाही. मानेपाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, मणके मोज." सात. माणसाला सात, उंदराला सात, जिराफाच्या त्या एवढ्या मानेतही सातच.

घरी आल्यावर तिचं पुस्तक चाळलं. त्यात पानोपान कुत्रा. माझे काका पशुधन निरीक्षक होते, त्यांच्या वहीत पानोपान म्हैस असायची. आणि त्यांच्या आजोबांनी गायकवाडांच्या पागेत जे काही शिकलं असेल, ते घोड्यावर. एकाच घरात तीन पिढ्या आणि अभ्यासाला तीन वेगळी शरीरं, असं का, हे शोधताना लक्षात आलं की कुठल्या जनावराचं शरीर 'नमुना' म्हणून शिकवायचं हे शास्त्रापेक्षा त्या त्या काळी पैसा कोणासाठी मोजला जात होता यावर ठरलं.

पैसा आधी मोजला गेला लढाईच्या जनावरांसाठी. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावानं घोड्यांचं शास्त्र चालत आलं. त्याच नावावरून घोड्यांच्या वैद्याला हिंदी-उर्दूत 'सलोतरी' म्हणू लागले. हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे, पुण्याच्या आनंदाश्रमानं तो 1894 साली छापला. गाईगुरांबद्दल जुन्या ग्रंथांत श्रद्धा भरपूर, पण शरीराचा तपशील हत्ती-घोड्यांच्या मानानं थोडा. आमच्या बडोद्यात आज हाथीखाना म्हणजे धान्याची घाऊक बाजारपेठ. नाव मात्र सांगतं की तिथं एके काळी पोती नव्हती.

युरोपात तरी काय वेगळं? कार्लो रुईनीचा घोड्याच्या शरीररचनेवरचा ग्रंथ 1598 सालचा. जगातल्या पहिल्या पशुवैद्यक शाळेला फ्रान्समध्ये लियाँ इथं 1761 साली मंजुरी मिळाली. ती काढणारा क्लोद बुर्जला हा घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. मंजुरीमागचं मोठं कारण मात्र बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ. पुढे आपल्याकडेही तसंच झालं. मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, आणि 1889 साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली ती गुरांच्या साथींच्या धास्तीनं. साथ गुरांची, पण वर्गातलं शरीर घोड्याचंच, असा हा बराच काळ चाललेला विनोद. सेप्टिमस सिसन यांचं 1910 साली निघालेलं पाठ्यपुस्तक जगभर चाललं. त्यात घोडा सविस्तर, आणि बैल, डुक्कर, कुत्रा हे 'घोड्याहून वेगळं काय' एवढ्यापुरते.

घोड्यावर शिकण्यात एक गंमत आहे, तोटाही आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं त्याचं मनगट. तो उभा राहतो एकाच बोटावर, मधल्या, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. गाय-म्हैस दोन बोटांवर उभ्या, म्हणून त्यांचा खूर दुभंगलेला. घोड्याला पित्ताशयच नसतं. जो विद्यार्थी घोडा पाठ करून आला, त्याला गाईच्या पोटात पित्ताची पिशवी नव्यानं शोधावी लागायची. आणि रवंथ? ती तर घोड्याच्या पुस्तकात सापडणारच नाही.

शरीराचं काम कसं चालतं हे शोधतानाही घोडा होताच. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानं एका घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घातली, तिला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त किती वर चढतं ते पाहिलं. हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच. हा प्रयोग त्यानं 1733 साली छापला. रक्तदाब मोजल्याची ही पहिली नोंद. घोडीचं काय झालं हे विचारू नये. आज भाचीच्या वर्गात कुत्र्याच्या पायाला पट्टा गुंडाळून तेच काम होतं.

म्हैस केंद्रस्थानी आली ती आमच्या शेजारी. मही ओलांडली की आणंद. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे अमूल, 1946 चा, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ 1965 चं, आणि या दोहोंच्या मध्ये, 1964 साली आणंदचं पशुवैद्यक महाविद्यालय. त्याच 1964 साली भारतीय कृषी संशोधन परिषदेनं राघवन यांचं बैलाच्या शरीररचनेवरचं पुस्तक काढलं. त्यात बैल मुख्य झाला आणि घोडा तुलनेच्या टिपांत गेला. उलटापालट झाली ती अशी. आमच्याकडची सुरती म्हैस कुठे राहते, तर मही आणि साबरमतीच्या मधल्या पट्ट्यात. दूध तिचं, म्हणून अभ्यासही तिचा.

काकांच्या वहीतलं एक पान अजून आठवतं. चार पोटं काढलेली: कोटीपोट, जाळीदार पोट, पडदापोट आणि खरं पोट. कोटीपोटावर त्यांनी लिहिलं होतं, 'डावीकडे. कायम डावीकडे.' कारण तपासणी तिथूनच सुरू होते. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायची आणि मोजायचं. निरोगी जनावरात दर मिनिटाला एक-दोन वेळा कोटीपोट हाताला ढकलतं. पोटफुगीत तीच भकाळी ढोलासारखी तट्ट होते. हे पोट म्हणजे जंतूंची भट्टी. जंतू चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात, आणि जनावराची बहुतांश ऊर्जा त्या आम्लांतून येते. 1940 च्या दशकात केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांवर काम करून दाखवलं की ही आम्लं थेट कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गाय गवत खाते खरी, पण जगते ती जंतूंच्या मेहनतीवर.

जनावरांच्या शरीराची नावंही या साऱ्या काळात माणसाकडून उसनी घेतलेली होती. माणूस उभा, म्हणून त्याच्या शरीरात 'वरचं' आणि 'खालचं'. चार पायांवर उभ्या जनावराला ते कसं लागू करणार? 1968 साली पशुशरीराच्या नावांची आंतरराष्ट्रीय यादी पहिल्यांदा निघाली. तेव्हापासून डोक्याकडचं, शेपटीकडचं, पाठीकडचं, पोटाकडचं असं बोलायची शिस्त पक्की झाली. भाची सांगते, पहिल्या महिन्यात सगळ्यांची इथेच फजिती होते.

कुत्र्याचा काळ आला तो घरात पाळलेल्या प्राण्यांवर खर्च करायला माणसं तयार झाली तेव्हा. गंमत अशी की माल्कम मिलर यांच्या नावाचं कुत्र्याच्या शरीररचनेवरचं अमेरिकी पुस्तकही 1964 सालचंच. आणि कुत्र्याबरोबर आली नर्स. ब्रिटनमध्ये 1961 साली पशुवैद्यांच्या शाही महाविद्यालयानं या कामाच्या प्रशिक्षणाची योजना मंजूर केली. पण 'नर्स' ही पदवी माणसांच्या परिचारिकांसाठी कायद्यानं राखीव होती, म्हणून या मुलींना 'ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी' म्हणायचे. 'व्हेटर्नरी नर्स' हे नाव मिळायला 1984 उजाडलं. अमेरिकेत असा पहिला अभ्यासक्रम न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या गावात 1961 साली निघाला, त्या गावाचं नाव डेल्ही. आपलं नव्हे.

आपल्याकडे त्याच 1984 साली भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला. त्यात नर्स हा शब्द नाही. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला राज्य सरकारच्या आदेशानं, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देता येते. काका याच खिडकीतून नोकरीत शिरले. बडोद्याच्या डॉग क्लिनिकांत तेच काम करणाऱ्या मुलांना कोणी कंपाउंडर म्हणतं, कोणी असिस्टंट. बहुतेक जण पाहून पाहून शिकलेले.

म्युझियमहून परतताना भाची तशा एका क्लिनिकमध्ये डोकावली. एक मुलगा लॅब्रेडोरचा पुढचा पाय कोपरामागून धरून अंगठ्यानं शीर दाबत होता, ती फुगून वर आली, आणि डॉक्टरांची सुई पहिल्याच फटक्यात आत गेली. तिनं त्याला विचारलं, या शिरेचं नाव काय? तो म्हणाला, "नाव माहीत नाही ताई, पण कुठे असते ते माहीत आहे." भाचीनं नाव सांगितलं. त्यानं ते हातातल्या चिकटपट्टीवर लिहून घेतलं.