अंगठ्यापासून ओटीपीपर्यंत

लिहिता-वाचता न येणाऱ्याला हिणवायला मराठीत 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आहे. बायकांच्या हाती पैसा कसा आला, हे समजून घ्यायचे तर या अंगठ्याचाच माग काढावा लागतो.

१९९२ साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महिन्याची ठरलेली वर्गणी, सगळ्यांसमोर मोजलेले पैसे आणि गटाच्या नावाचे खाते. तारणाला जमीन नसलेल्या बाईला कर्ज मिळू लागले ते गटाच्या शब्दावर. पण खाते गटाचे होते, तिचे एकटीचे नव्हे.

याच दशकात साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकेसाठी अर्ज केला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी अंगठे उठवलेले, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने अक्षरे गिरवली आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. व्याजाचे गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरवर करावे, असे त्यांचे आव्हान होते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब येणे आणि अक्षर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बायकांनी दाखवून दिले. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो.

पुढे अंगठ्याचे दिवस फिरले. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका महिलेला मिळाला. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली. तिच्या निम्म्याहून अधिक खाती बायकांची आहेत. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच आता मशीनवर ठेवला की पैसे निघतात. ते मशीन घेऊन बसणाऱ्या बीसी सखीला, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँकेच्या महिला प्रतिनिधीला, व्यवहारामागे कमिशन मिळते, म्हणजे गावातच रोजगार. मात्र खुरपणी, मोळ्या बांधणे, भांडी घासणे यांत बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा ओळखत नाही. आयुष्यभर राबल्याची ही शिक्षा मनाला लागते.

२०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले, तेव्हा आपले आधार नेमके कोणत्या खात्याला जोडले आहे हे शोधायला बँकांसमोर रांगा लागल्या. फोनचा प्रश्न त्याहून अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरत असलेले बँक खाते असणाऱ्या भारतीय स्त्रिया सुमारे ७९ टक्के, स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या ५४ टक्के आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के होत्या. खाते आहे पण फोन नाही अशा बाईचा ओटीपी नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या फोनवर येतो.