राउटर सुरू होताना कॉन्फिगरेशन नाहीसे होणे

राउटर रीलोड केल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर त्यातले पत्ते, पासवर्ड, राउटिंग, फिल्टर यांपैकी काहीच दिसत नाही आणि तो कारखान्यातून नुकताच आल्यासारखा सुरू होतो, तेव्हा ‘कॉन्फिगरेशन उडाले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते उडालेले नसते. एकतर ते कायमच्या स्मृतीत कधी लिहिलेलेच नसते, नाहीतर लिहिलेले जागेवर असूनही राउटरने सुरू होताना ते वाचलेले नसते. दुसऱ्या प्रकारात खरे नुकसान दोषामुळे होत नाही. दुरुस्तीच्या घाईत कोणीतरी रिकामे कॉन्फिगरेशन सेव्ह करतो आणि जुनी प्रत पुसली जाते. म्हणून तपास संपेपर्यंत सेव्ह करायचे नाही, हा या कामातला पहिला नियम मानावा.

या दोषाचे वर्णन सिस्कोच्या राउटरांवरून करण्याची पद्धत आहे, कारण त्यांत स्मृतीचे विभाग स्पष्ट वेगळे दिसतात. रॉममध्ये सुरुवातीचा बूट प्रोग्राम असतो. फ्लॅशमध्ये आयओएस या ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज असते. एनव्हीरॅममध्ये स्टार्टअप-कॉन्फिग, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणारी प्रत असते. रॅममध्ये रनिंग-कॉन्फिग, म्हणजे त्या क्षणी अमलात असलेले कॉन्फिगरेशन असते. कमांड दिली की ती लगेच लागू होते, पण फक्त रॅममध्ये. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ किंवा तिचे जुने, आजही सर्रास वापरले जाणारे रूप ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय ती एनव्हीरॅममध्ये उतरत नाही. नवख्या माणसाच्या बाबतीत दोषाचे कारण बहुधा इथेच सापडते. राउटर महिनोन्महिने बंद पडत नाही, त्यामुळे सेव्ह न केलेला बदलही तितके दिवस बिनबोभाट चालतो आणि वीज जाते त्या दिवशी नाहीसा होतो. अशा वेळी जुने कॉन्फिगरेशन परत येते, पण मधल्या काळातले बदल नसतात. राउटर पूर्ण कोरा नसून ‘जुना’ झालेला दिसला, तर आणखी खोलात जायची गरज नसते.

राउटर पूर्ण कोरा आला, तर कन्सोलवर, म्हणजे राउटरला थेट तारेने जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर, सुरुवातीचा संवाद उभा राहतो. प्राथमिक कॉन्फिगरेशन संवाद सुरू करायचा का, असे तो विचारतो. उत्तर ‘नो’ द्यावे आणि एनेबल मोडमध्ये (पूर्ण अधिकार देणाऱ्या मोडमध्ये) जाऊन लगेच ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ पाहावे. ही एक कमांड तपासाची दिशा ठरवते. जुने कॉन्फिगरेशन पडद्यावर आले, तर ते सुखरूप आहे आणि राउटरने ते वाचले नाही एवढेच घडले आहे. स्टार्टअप-कॉन्फिग अस्तित्वात नाही असा संदेश आला, तर मात्र ते कधी लिहिलेच नव्हते, ‘राइट इरेज’ने पुसले गेले, की स्मृतीतच बिघाड आहे, हे शोधावे लागते.

वाचले न जाण्याचे सर्वांत मोठे कारण कॉन्फिगरेशन रजिस्टर. ही १६ बिटांची एक संख्या असते आणि राउटरने कसे सुरू व्हायचे ते ती सांगते. ती षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत लिहितात आणि बहुतेक मॉडेलांत तिची नेहमीची किंमत २१०२ असते. शेवटचे चार बिट बूट फील्डचे. त्यांत २ असेल तर राउटर फ्लॅशमधली इमेज नेहमीप्रमाणे घेतो, ० असेल तर रॉममॉनवरच, म्हणजे रॉममधल्या प्राथमिक प्रोग्रामवरच, थांबतो. शून्यापासून मोजल्यास सहावा बिट आपल्या विषयाचा आहे. तो १ असेल तर राउटर एनव्हीरॅममधल्या कॉन्फिगरेशनकडे दुर्लक्ष करतो. या बिटाची किंमत षोडशमानात ४० असल्याने २१०२ ची २१४२ होते. एका अंकाचा हा फरक नजरेतून सहज निसटतो.

हा बिट आपोआप बदललेला क्वचितच आढळतो. विसरलेला पासवर्ड काढण्याच्या अधिकृत पद्धतीत तो मुद्दाम बदलावा लागतो. राउटर सुरू होताना पहिल्या मिनिटात ब्रेक संकेत पाठवून रॉममॉनमध्ये शिरायचे, तिथे रजिस्टर २१४२ करायचे, कोऱ्या राउटरमध्ये जुने कॉन्फिगरेशन ओढून नवा पासवर्ड घालायचा आणि शेवटी रजिस्टर पुन्हा २१०२ करायचे, असा तो क्रम. शेवटची पायरी राहून जाते. त्या दिवशी सगळे सुरळीत चालते, आणि पुढच्या वेळी वीज जाते तेव्हा कदाचित त्या जागी दुसराच माणूस कामावर असतो. म्हणून कोऱ्या राउटरचा तपास करताना त्यावर अलीकडे पासवर्डचे काम झाले होते का, हे आधी विचारावे.

रजिस्टरची किंमत ‘शो व्हर्जन’च्या अगदी शेवटच्या ओळीत मिळते. तिथे २१४२ दिसले तर ग्लोबल कॉन्फिगरेशन मोडमध्ये ‘कॉन्फिग-रजिस्टर’ कमांडने २१०२ द्यावे. पुन्हा ‘शो व्हर्जन’ पाहिल्यावर त्याच ओळीत आत्ता २१४२ आणि पुढच्या रीलोडला २१०२ असे दोन्ही आकडे दिसले, तर बदल नोंदला गेला. यानंतर ‘रीलोड’ दिली की राउटर विचारतो, कॉन्फिगरेशन बदलले आहे, सेव्ह करू का? इथे ‘नो’ म्हणायचे. या क्षणी रॅममध्ये जवळपास काहीच नाही. ‘येस’ म्हटले तर ते रिकामे कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममधल्या चांगल्या प्रतीवर लिहिले जाते आणि सुखरूप असलेली वस्तू आपल्याच हाताने जाते. रजिस्टरचा बदल टिकण्यासाठी कॉन्फिगरेशन सेव्ह करण्याची गरज नसते. सवयीने ‘येस’ दाबणाऱ्या हाताला इथे थांबवणे, हा या सबंध दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

रीलोड न करता स्टार्टअप-कॉन्फिग रनिंगमध्ये कॉपी करूनही काम भागवता येते, पण त्यात एक खाच आहे. ही कॉपी आधीच्या कॉन्फिगरेशनची जागा घेत नाही, त्यात मिसळते. कोऱ्या राउटरचे इंटरफेस मुळात शटडाउन असतात, आणि चालू इंटरफेससाठी सेव्ह केलेल्या प्रतीत ‘नो शटडाउन’ अशी ओळ लिहिलेली नसते. परिणामी पत्ते बरोबर येतात, राउटिंग बरोबर येते, पण एकही पोर्ट उठत नाही. प्रत्येक इंटरफेसवर जाऊन ‘नो शटडाउन’ द्यावे लागते. ते न करता सेव्ह केले तर प्रतीत शटडाउनच नोंदले जाते.

कधी सगळे न जाता कॉन्फिगरेशनचा एखादाच तुकडा जातो. सुरू होताना राउटर स्टार्टअप-कॉन्फिगमधली एकेक ओळ वाचून अमलात आणतो आणि न समजलेली ओळ सोडून देतो. इमेज बदलताना एनक्रिप्शनची सोय नसलेली इमेज बसवली गेली, तर व्हीपीएनच्या ओळी सोडल्या जातात. एखादे कार्ड काढले किंवा नीट बसले नसेल, तर त्याच्या इंटरफेसच्या ओळी सोडल्या जातात. त्याबद्दलच्या त्रुटी कन्सोलवर झरझर वर सरकून जातात, आणि नंतर दुरून लॉगिन करणाऱ्याला त्या दिसत नाहीत. म्हणून अर्धवट कॉन्फिगरेशन आले, तर कन्सोल जोडून सगळे बूट मजकुरासह टिपून घ्यावे. इथेही एनव्हीरॅममधली प्रत पूर्ण असते आणि सेव्ह केले की ती अर्धी होते.

एनव्हीरॅमची अडचण तुलनेने कमी वेळा येते. कॉन्फिगरेशन मोठे आणि स्मृती लहान असेल तर सेव्ह करतानाच त्रुटी येते. ती वाचली नाही तर रीलोडनंतर आश्चर्य वाटते. ‘सर्व्हिस कॉम्प्रेस-कॉन्फिग’ने प्रत दाबून लिहिता येते. काही जुन्या राउटरांत ही स्मृती बॅटरीवर टिकते, आणि बॅटरी संपल्यावर प्रत्येक वीजखंडानंतर राउटर कोरा येतो. याची ओळख सोपी आहे: वीज न तोडता केलेल्या रीलोडमध्ये कॉन्फिगरेशन टिकते, वीज तोडली की जाते. वीज न तोडताही प्रत टिकत नसेल, तर स्मृतीचाच बिघाड संभवतो.

इतर प्रणालींत हाच दोष वेगळ्या वाटेने येतो. ज्युनिपरच्या राउटरांमध्ये बदल ‘कमिट’ केल्याशिवाय लागू होत नाहीत. ‘कमिट कन्फर्म्ड’ वापरून नंतर दुजोरा दिला नाही, तर ठरावीक वेळेत, एरवी १० मिनिटांत, जुने कॉन्फिगरेशन परत येते. मायक्रोटिकच्या राउटरांमध्ये बदल आपोआप साठतात, पण सेफ मोडमध्ये असताना जोडणी तुटली तर त्या दरम्यानचे बदल मागे घेतले जातात. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्स प्रणालीवर सेटिंग्ज ओव्हरले नावाच्या विभागात राहतात. फ्लॅशमध्ये जागा उरली नाही किंवा तो विभाग उघडला नाही, तर प्रणाली रॅममधला तात्पुरता ओव्हरले घेते. सगळे नीट चालते आणि रीबूटला पुसले जाते. ओव्हरले टीएमपीएफएसवर (रॅममधल्या तात्पुरत्या फाइल प्रणालीवर) चढलेला दिसला की निदान झाले.

घरगुती राउटरबाबत आणखी एक शक्यता असते. टीआर-०६९ या २००४ मधल्या मानकानुसार राउटर चालू होताच सेवादाराच्या सर्व्हरला कळवतो आणि तो सर्व्हर आपल्याकडची सेटिंग्ज त्यात घालू शकतो. वाय-फायचे नाव टिकते पण डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरची सेटिंग) दर वेळी पूर्ववत होतो, असे दिसल्यास राउटरला दोष देण्याआधी हे तपासावे: इंटरनेटची तार काढून राउटर रीबूट करायचा. सेटिंग्ज टिकल्या, तर त्या बदलणारा सर्व्हर बाहेर आहे आणि उपाय सेवादाराकडेच मिळेल. तार नसतानाही गेल्या, तर अडकून बसलेले रीसेट बटण, अर्धवट झालेले फर्मवेअर अपडेट किंवा लिहिण्याच्या वेळी व्होल्टेज पाडणारा जुना अडॅप्टर यांकडे वळावे. यांत अडॅप्टर बदलून पाहणे सर्वांत सोपे, म्हणून ते आधी करावे.