फौजेतून सरपंचपदाकडे : निवृत्त अधिकाऱ्याच्या राजकारणाची पार्श्वभूमी

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा गावांत निवृत्त सुभेदाराच्या किंवा कॅप्टनच्या शब्दाला पूर्वीपासून वजन आहे. पण शब्दाला वजन असणे वेगळे आणि निवडून येणे वेगळे.

नोकरीत असेपर्यंत राजकारणाचा दरवाजा पूर्ण बंद असतो. घटनेच्या कलम ३३ ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. पुढे लष्कर कायदा १९५० आणि लष्कर नियम १९५४ आले. त्यातल्या नियम २० नुसार पक्षाच्या सभेला जाता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही आणि स्वतःला इच्छुक उमेदवार म्हणून जाहीरही करता येत नाही. ही मनाई लोकसभा-विधानसभेपुरती नाही, स्थानिक संस्थांनाही ती तितकीच लागू आहे. गोची होते ती निवृत्तीआधीच्या रजेत. अधिकारी गावी आलेला असतो, कार्यकर्ते फ्लेक्सवर ‘भावी सरपंच’ छापून मोकळे होतात, पण सेवामुक्तीची तारीख उलटेपर्यंत तो लष्कर कायद्याखालीच असतो. ती तारीख उलटली की निवडणूक लढवायला वेगळा थांबण्याचा काळ नाही.

दुसरी अडचण मतदार यादीची. सेवेतल्या माणसाचे नाव मूळ गावाच्या यादीत ‘सेवा मतदार’ म्हणून असते, किंवा त्याने ते पुण्या-देवळालीला नेमणुकीच्या ठिकाणी नोंदवलेले असते. निवृत्तीनंतर नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) भरून ते गावाच्या सर्वसाधारण यादीत आणावे लागते. नाव एकाच ठिकाणी चालते. निवडणुकीसाठी ठरलेल्या तारखेची यादी धरली जाते, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही. शिवाय घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, सरकारी जागेवरचे अतिक्रमण आणि १२ सप्टेंबर २००१ नंतरचे तिसरे अपत्य यांवरही उमेदवारी अडते. पंचवीस वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला भावाने गायरानात वाढवलेली पडवी कित्येकदा छाननीतच कळते.

खरा फरक पडला तो सरपंच निवडीच्या पद्धतीने. जुन्या पद्धतीत सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. पंचायत ७ ते १७ सदस्यांची. भावकी, वाडी, साखर कारखान्याचा गट असे सगळे जुळवून बहुमत करायचे, आणि निम्मे आयुष्य बाहेर काढलेल्या अधिकाऱ्याकडे यातले काहीच नसते. जुलै २०१७ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सरपंच थेट मतदारांतून निवडून येऊ लागला. गट नसलेल्या पण गावभर ओळख असलेल्या माणसाला प्रथमच सरळ वाट मिळाली. २०१९ मध्ये सरकार बदलले आणि २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली. कारण दिले गेले ते सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, म्हणून कामे अडतात, असे. अडचण खरी होती, पण त्यावरचा इलाज गटांच्याच सोयीचा झाला. त्यातच जानेवारी २०२१ च्या निवडणुकांत सरपंचपदाची आरक्षण सोडत मतदानानंतर काढायचे ठरले. घोडेबाजार थांबावा हा हेतू होता, पण नेतृत्व कोणाला मिळणार हे न कळताच गावांनी मते दिली. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने थेट निवड परत आणली. पाच वर्षांत तीनदा नियम फिरले.

थेट निवडून आलेला सरपंचही एकटा काही करू शकत नाही. अविश्वास ठरावाला सदस्यांचे तीन चतुर्थांश बहुमत आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते, म्हणून खुर्ची तशी सुरक्षित असते. पण मासिक सभेत ठराव पडला की काम थांबते. कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापे लिहायची वही) नोंद, यांतले काही चुकले की बिल निघत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) केंद्रीय निधीत ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधलेली होती, मोकळी फक्त ४०. पेमेंटला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. दोघांचे फाटले, तर पैसे खात्यात तसेच पडून राहतात. तोंडी हुकमावर काम हलवायची सवय असलेला अधिकारी नेमका इथे अडकतो. सुरुवातीलाच आधी काम आणि मग कागद असे केले की पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आणि वसुली निघते.

ग्रामसभेचेही तसेच. वर्षात किमान चार सभा हव्यात, आणि गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या. ठरलेल्या सभा कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर थेट निवडून आलेल्या सरपंचाचेही पद जाऊ शकते.