राज्याचा परवाना मिळाला म्हणून फेडरल नियम सुटत नाही

अमेरिकेतल्या कोळशाच्या राखेबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की एक वाक्य हटकून भेटतं: "राज्यानं परवाना दिलाय, म्हणजे तिथं केंद्राचा नियम लागू नाही." हे साफ चूक आहे आणि आता वाचून वैताग येतो.

आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. नियम दिल्लीत होतात, संमतीपत्र राज्याचं प्रदूषण मंडळ देतं. हाच साचा तिकडे बसवला की घोळ होतो.

२२ डिसेंबर २००८ ला टेनेसीत किंग्स्टनला वीजकेंद्राची राख साठवायच्या तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे ३०० एकर जमीन चिखलाखाली गेली. तरी पहिला फेडरल नियम यायला २०१५ उजाडलं. त्यात पाणी झिरपू नये म्हणून तळ्याच्या तळाला घालायचं अस्तर आलं, भूजलाची तपासणी आली. पण परवाना देण्याचा किंवा कारवाईचा अधिकार ईपीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे, नव्हताच. कंपनीनं नियम मोडला तर राज्यानं किंवा नागरिकांनी कोर्टात जायचं.

खरी मेख २०१६ च्या कायद्यात आहे. ईपीएला कारवाईचा अधिकार मिळाला आणि राज्यांना आपली परवाना योजना मंजुरीसाठी पाठवायची मुभा मिळाली. योजना फेडरल नियमाइतकी तरी कडक हवी. ती मंजूर झाली तरच राज्याचा परवाना फेडरल नियमाची जागा घेतो. ओक्लाहोमाला अशी मंजुरी सर्वांत आधी, २०१८ मध्ये मिळाली. मंजुरी नसेल तर कंपनीला दोन्ही पाळावे लागतात. 'राज्याचा कायदा' आणि 'मंजूर योजना' हे शब्द कृपा करून एकाच अर्थानं वापरू नका. नॉर्थ कॅरोलिनानं स्वतःचा राख कायदा २०१४ मध्येच केला होता. त्यासाठी ईपीएला विचारावं लागलं नाही.

अलाबामाचं उदाहरण घ्या. राज्यानं परवाने दिले, तळी बंद करण्याचे आराखडे मान्य केले. वरून झाकण घालायचं, पण अस्तर नसलेल्या तळ्यात खालची राख भूजलात भिजतच राहणार. ओल्या जमिनीवरच्या गोणीवर ताडपत्री टाकण्यातला हा प्रकार. राखेतलं आर्सेनिक पाण्यात उतरतं ते खालूनच. २०२४ मध्ये ईपीएनं अलाबामाची परवाना योजना नाकारली. माझ्या मते निर्णय अगदी योग्य होता. परवाने राज्याचे होते, तरी त्या तळ्यांवर फेडरल नियम जसाच्या तसा लागू राहिला.

राख 'घातक कचरा' धरायची की साधा घनकचरा, हा वाद वेगळा. २०१५ मध्ये ती साध्यात टाकली गेली, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.