किल्ली शिपायाकडे, साहेब दारात

ठिबकच्या पाइपवर बसवायला मी एक पाणीमापक केलं होतं. पाइपातलं चक्र एकदा फिरलं की एक स्पंद यायचा, आर्डुइनो (तळहाताएवढा संगणक-बोर्ड) तो मोजायचा आणि 500 स्पंद झाले की झडप बंद. वाफा भिजला, काम झालं. पण महिन्यातून एखाद्या वेळी वाफा अर्धवटच भिजलेला सापडायचा. पडद्यावर बघावं तर झडप बंद आणि मोजणी 256 किंवा 257 वर थांबलेली. आधी मी पंपाच्या मोटरला शिव्या घातल्या, मग सेन्सर बदलला. दर वेळी 256 च्याच आसपास का, हे विचारायला मात्र मला दोन महिने लागले.

आर्डुइनो ऊनोमधली चिप 8 बिटांची. एका घासात ती एकच बाइट उचलते, म्हणजे 0 ते 255 एवढाच आकडा. माझी मोजणी त्याहून मोठी, म्हणून ती दोन बाइटांत ठेवलेली: एक खालची, एक वरची. 255 म्हणजे वर 0, खाली 255. 256 म्हणजे वर 1, खाली 0. माझा मुख्य प्रोग्राम आधी खालची बाइट वाचायचा, मग वरची. आता समजा मोजणी 255 वर आहे. प्रोग्रामने खालची बाइट वाचली: 255. नेमक्या त्याच क्षणी स्पंद आला. स्पंद आला की हातातलं काम टाकून आधी मोजणी वाढवायची, अशी सोय असते. तिला इंटरप्ट म्हणतात. मोजणी 256 झाली, प्रोग्राम परत जागेवर आला आणि त्याने वरची बाइट वाचली: 1. जुनी खालची आणि नवी वरची मिळून झाले 511. पाचशेच्या वर गेलं म्हणून झडप बंद. मेमरीत 511 कधी नव्हतंच. ते फक्त वाचणाऱ्याच्या हातात तयार झालं.

हे किती वेळा घडेल, त्याचा हिशेबही जमतो. चिप 16 मेगाहर्ट्झवर चालते आणि एक बाइट वाचायला तिला 125 नॅनोसेकंद लागतात. गोंधळाला फट तेवढीच. पण माझा लूप दर 10 मायक्रोसेकंदांनी मोजणी तपासत होता, म्हणजे पाणी देण्याच्या साधारण ऐंशी पाळ्यांमागे एकदा चूक. टेबलावर दहा-वीस वेळा चालवून बघणाऱ्याला ती दिसणार कशी?

इलाज दोन ओळींचा आहे. वाचण्याआधी इंटरप्ट बंद, वाचून झालं की पूर्ववत. आर्डुइनोचं स्वतःचं मिलिसेकंद मोजणारं फंक्शनही चार बाइटांचा आकडा वाचताना हेच करतं. (प्रोग्राममध्ये मोजणीच्या व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ म्हटलं की भागतं असा एक समज आहे. भागत नाही. त्याने कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा, दर वेळी मेमरीतून ताजी किंमत आणायला लावतो, पण ती येते दोन तुकड्यांतच.)

इंटरप्ट बंद करणं म्हणजे घराचं दार लावून घेणं. क्षणभर ठीक, फार वेळ नाही, कारण बाहेर कोणीतरी महत्त्वाचं उभं असू शकतं. मोठ्या यंत्रणेत एकाच प्रोसेसरवर डझनावारी कामं, म्हणजे टास्क, आळीपाळीने चालतात. तिथे सामाईक वस्तूला कुलूप लावतात. त्याला म्युटेक्स म्हणतात. किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच वापरायचं, बाकीच्यांनी थांबायचं. याच कुळातल्या सेमाफोरची कल्पना 1960 च्या दशकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी मांडली. नाव आलं ते रेल्वेच्या हात खाली-वर करणाऱ्या सिग्नलवरून.

पण कुलपाचीही एक भानगड आहे. साहेबांना फाइल हवी आहे. कपाटाची किल्ली शिपायाकडे, तो आतलं काहीतरी लावतोय. दोन मिनिटांत देईल, साहेब थांबतात. इतक्यात हेडक्लार्क शिपायाला चहा आणायला पाठवतो, मग झेरॉक्सला, मग पोस्टात. किल्ली शिपायाच्या खिशातच. हेडक्लार्कला त्या फाइलशी काही देणंघेणं नाही आणि नियमाप्रमाणे शिपायाने त्याचं ऐकायलाच हवं. तरी परिणाम असा, की हेडक्लार्कमुळे साहेब ताटकळले. याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात, म्हणजे अग्रक्रम उलटणं.

हे नाटक मंगळावर झालं. नासाचं पाथफाइंडर यान 4 जुलै 1997 रोजी तिथे उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. दर रीसेटला त्या दिवसाची उरलेली कामं बुडत. यानात एकच प्रोसेसर होता आणि त्यावर टास्कच्या पाळ्या लावणारी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली. उपकरणांची माहिती वाहणारी बस सांभाळणारी कामं वरच्या अग्रक्रमाची, म्हणजे साहेब. हवामानाची माहिती हाताळणारं काम खालचं, म्हणजे शिपाई. मध्ये इतर कामं, हेडक्लार्कच्या जागी. बसची फेरी सेकंदाला आठ वेळा. पुढची फेरी आखणारं काम आधी बघे, की मागच्या फेरीची माहिती वाटून झाली का. वाटप करणारं काम किल्लीसाठी अडकलेलं, किल्ली हवामानाच्या कामाकडे, आणि त्याला मधली कामं पुढे सरकू देईनात. वाटप अपुरं दिसलं की थेट रीसेट.

उपाय कागदावर तयार होता. लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी 1990 मध्ये तो सविस्तर मांडला होता: किल्ली शिपायाकडे आहे आणि साहेब तिची वाट बघताहेत, तोवर शिपायाचा हुद्दा साहेबांचा. त्याला चहाला कोणी पाठवायचं नाही. किल्ली दिली की पुन्हा मूळ जागी. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीही, फक्त त्या एका म्युटेक्ससाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर अभियंत्यांनी तीच परिस्थिती उभी करून बिघाड पकडला. यानातल्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणीची साधनं काढून न टाकता तशीच ठेवली होती, ती इथे कामी आली. मग दुरुस्ती संदेशातून धाडली. एका बाजूचा प्रवास दहा मिनिटांहून जास्त. ती सोय चालू झाली आणि रीसेट थांबले.

असा रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता. पुन्हा करून बघता येईना आणि तेव्हा सगळं लक्ष यान नीट उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर होतं, म्हणून तो मागे पडला. माझ्या वहीतही पहिल्या आठवड्याच्या पानावर ‘256 ला थांबलं, वायर सैल?’ असं लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून.